ऑर्विलचा वरचा सूर

आल्डर लेक, मिनेसोटा
२० जानेवारी २०१४

प्रिय व्हर्ना आत्या,

शनिवारी चर्चमध्ये बाबांची प्रार्थना पार पडली. तुमच्या खुब्याचं हाड अजून जुळायचं आहे, तेव्हा टुसॉनहून येता आलं नाही हे मनाला लावून घेऊ नका. जनेलने तुमच्या नावाची मेणबत्ती लावली. भाचीच्या हातून लागली म्हणजे तुमच्याच हातून लागली असं समजा. चर्चच्या तळघरात बायकांनी जेवण केलं होतं. हॅम, बटाटे आणि हिरव्या जेलीत गाजर किसून घातलेला तो प्रकार, जो बाबा आयुष्यभर ताटात घेत आले आणि ज्याला त्यांनी कधी चमचा लावला नाही.

वर्तमानपत्रातलं कात्रण सोबत आहे. मजकूर जनेलने दिला होता, चुका छापणाऱ्यांच्या. बिगूल ‘पितळी’ लिहिलाय. तो तांब्याचा आहे, पितळेची फक्त कड. दुसरं, बाबा कोरियात ‘लढले’ असं छापलंय. ते सिग्नल तुकडीत होते, टेलिफोनच्या तारा ओढायचे. स्वतःच सांगायचे, “मी कुठला लढतोय? लढणाऱ्यांना एकमेकांशी बोलायला लावलं, एवढंच.” दुरुस्ती छापा म्हणून मी संपादकांना कळवलं आहे. जनेल म्हणते, “लायल, माणूस गेलाय, आणि तू कड कसली होती ते सांगत बसलायस?” पण माणूस गेल्यावर निदान कड तरी बरोबर छापायला नको का?

दफन मे महिन्यात. जमीन एवढी गोठली आहे की पहार उडून परत येते. तोवर बाबा दफनभूमीच्या फाटकाजवळच्या दगडी खोलीत असतील. आई म्हणाल्या, “थंडीचं त्याला काही नाही. घरात हीटर कुठे लावू द्यायचा?”

एक सांगायचं राहिलं. सैनिकाला मान द्यायचा तर शेवटी बिगुलावर निरोपाची धून लागते. आपल्या भागात ती बाबाच वाजवायचे, आता वाजवणार कोण? माजी सैनिक मंडळाचा वेंडेल ऑस्बी म्हणतो, बाजारात एक डबी मिळते. बिगुलाच्या पुढच्या पसरट तोंडात ती बसवायची आणि बटण दाबायचं. धून आपोआप वाजते, माणसाने नुसतं बिगूल ओठाला लावून उभं राहायचं. जावई म्हणून त्याने मला विचारलं, मी बरं म्हणालो.

तुमचा,
लायल हृस्का


टुसॉन
३ फेब्रुवारी २०१४

प्रिय लायल,

बरं म्हणालास? काय बरं म्हणालास?

तुला सांगते, माझा भाऊ बिगूल का शिकला. तो कोरियातून आला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. युद्धाबद्दल विचारलं की अंड्याच्या भुकटीचं ऑम्लेट किती वाईट लागतं ते सांगायचा, पुढे काही नाही. एकदाच बोलला. त्याच्याबरोबर तारा ओढणारा आयोवाचा एक मुलगा मेला. त्याला पुरताना बिगूल वाजवणारा कुणी नव्हता. मग एकाने तोंडाने धून गुणगुणली, आणि मध्येच त्याला पुढचं आठवेना. दादा म्हणाला, “व्हर्ना, अर्ध्यावर थांबलं गं सगळं.”

पुढच्याच महिन्यात त्याने सेंट पॉलमधल्या गहाणवटीच्या दुकानातून हा बिगूल आणला. शिकवायला कोण होतं? घरात वाजवायला आमच्या वडिलांनी बंदी केली, म्हणून हा चारा साठवायच्या रिकाम्या सायलोत जाऊन वाजवायचा. त्या उंच गोल टाकीत आवाज असा फिरायचा की गाई दूध चोरायला लागल्या. वडील बाहेरून काठी आपटायचे, “ऑर्विल! एक तर तू बाहेर ये, नाहीतर गाई विकतो!” आतून उत्तर यायचं ते बिगुलाचंच.

तेव्हापासून आपल्या भागात एकही सैनिक त्याच्या बिगुलाशिवाय जमिनीत गेला नाही. पेरणी असो, हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस असो, ओठ चिकटवणारी थंडी असो. माझ्या नवऱ्याच्या, हॅरल्डच्या वेळी काय वाजवलंन! एक सूर इकडचा तिकडे नाही. दगडसुद्धा रडला असता.

आणि दादाच्या डोक्याशी तुम्ही डबी वाजवणार? आर्डिसवहिनीला चालेल, तिला सगळंच चालतं. मला चालणार नाही. खराखुरा श्वास हवा. मे महिन्याला वेळ आहे. माणूस शोध.

व्हर्ना आत्या

ता. क. जेलीबद्दल लिहिलंस, खूप हसले. ती रेसिपी माझी आहे.


आल्डर लेक
१८ फेब्रुवारी २०१४

प्रिय व्हर्ना आत्या,

जेलीबद्दल क्षमस्व.

माणूस शोधतो आहे. हायस्कूलच्या बँडमधला एक मुलगा ट्रम्पेट वाजवतो, पण मे महिन्यात त्यांची सहल आहे. फार्गोत एक गृहस्थ आहेत, त्यांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलंय. सैन्याकडे विचारलं तर ते दोन जवान पाठवतात, ध्वजाची घडी करून देतात, आणि त्यांच्याकडेही डबीच. हल्ली वाजवणारे उरलेलेच नाहीत, आत्या. डबी अगदीच वाईट नसते. सूर चोख लागतात.

बाबांचा बिगूल माझ्या गॅरेजमध्ये टेबलावर आहे. त्याच्या पोटाला एक पोचा आहे, अंड्याएवढा. जनेल लहान असताना तिने तो गवताच्या माळ्यावरून खाली टाकला होता. या विभागातल्या सगळ्या शाळांची वाद्यं मी दुरुस्त करतो, कुणाकडे शिकायला न जाता करतो, आणि असा पोचा मी एका दुपारात काढतो. लग्नानंतर पहिल्याच नाताळला बाबांना म्हणालो होतो, “द्या, काढून देतो.” ते म्हणाले, “राहू दे. पोच्यामुळे आवाज गोड झालाय.” शास्त्राच्या दृष्टीने हे चूक आहे. आता काढायला घेतला तर आई दारात उभ्या. “लायल, हात लावू नकोस.” मग ठेवून दिला.

मला त्यांची आठवण येते ती शनिवार सकाळची. टेलिफोन कंपनीतून निवृत्त झाल्यावर ते नातवंडांसाठी राज्यांच्या आकाराचे पॅनकेक करायचे. मिनेसोटा छान जमायचा. मिशिगन उलटताना हटकून तुटायचा, मग म्हणायचे, “नकाशातही तो दोन तुकड्यांतच आहे, खा.”

आणि आई परवा सांगत होत्या, नोकरीत असताना ते खांबावर चढून तार जोडली की ती चालते का बघायला पहिला फोन घरी लावायचे. “आर्डिस, ऐकू येतंय का? जेवायला काय केलंयस?” बर्फाच्या वादळानंतर दिवसभर फोन. आई वैतागून म्हणायच्या, “दुसऱ्या कुणाला तरी लाव की!” ते म्हणायचे, “दुसऱ्या कुणाचा आवाज मला ओळखू येत नाही.”

तुमचा,
लायल


टुसॉन
२ मार्च २०१४

प्रिय लायल,

फार्गोच्या माणसाला शुभेच्छा. आता फार्गोपर्यंत जाऊ नकोस. तुझ्या गॅरेजपर्यंत जा.

तू दिवसभर बिगूल, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन हातात घेऊन बसतोस. ते ठीक झाले की नाहीत हे वास घेऊन कळतं का तुला?

व्हर्ना आत्या


आल्डर लेक
९ मार्च २०१४

प्रिय व्हर्ना आत्या,

मी दुरुस्त करतो. वाजवत नाही. चाचणीपुरती फुंक मारणं आणि चारचौघांत वाजवणं यांत फरक आहे. जे काम मला चोख येत नाही ते मी लोकांपुढे करत नाही. बाबांच्या कबरीवर तर मुळीच नाही.

इथे अजून उणे तापमान आहे. तुमचं वॉकरशिवाय चालणं सुरू झालं का?

लायल


टुसॉन
१७ मार्च २०१४

प्रिय लायल,

वॉकरचं नाव काढून विषय बदलू नकोस. तो कोपऱ्यात पडला आहे, आणि मी चिडलेली आहे.

दादा मला दर रविवारी फोन करायचा. तुझ्या गॅरेजसमोर त्याचा व्हरांडा, आणि तू रविवारीही काम करणारा. मध्येच म्हणायचा, “थांब व्हर्ना, बोलू नकोस. जावई काहीतरी दुरुस्त करतोय.” आणि फोन तुझ्या गॅरेजच्या दिशेने धरायचा. मग मला इथे, वाळवंटात, कुणाच्या तरी पोराचं ट्रॉम्बोन ऐकू यायचं. आधी एकच सूर, परत परत. मग थोडा वेळ काही नाही. आणि मग, तुझी खात्री झाली की दार बंद आहे, मग एक अख्खं गाणं. दादाच्या हातातली कॉफी गार व्हायची. तो म्हणायचा, “बघ, माझ्यासारखाच. सायलोत वाजवतोय.”

किती वर्षं ऐकते आहे मी तुला. नाताळची गाणी तर जुलैमध्ये ऐकली आहेत.

गेल्या शरद ऋतूत मी त्याला म्हटलं, “तुझ्या वेळी कोण रे वाजवणार?” तर म्हणाला, “लायलने वाजवलं तर बरं.” मी म्हटलं, “मग सांग त्याला.” तर हा आमचा अबोल नॉर्वेजियन रक्ताचा मनुष्य काय म्हणतो? “छे. तो नाही म्हणाला तर मला वाईट वाटेल आणि हो म्हणाला तर त्याला.”

आता मी सांगितलं. कुणाला वाईट वाटायचं ते वाटू दे.

व्हर्ना आत्या


आल्डर लेक
८ एप्रिल २०१४

प्रिय व्हर्ना आत्या,

उत्तराला उशीर झाला. कारण कळवतो.

तुमचं पत्र आल्यावर मी दोन दिवस गॅरेजमध्ये गेलोच नाही. चोवीस वर्षांत बाबा माझ्या कामाबद्दल एकदाही काही बोलले नाहीत. गॅरेजमध्ये यायचे, टेबलाशी उभे राहायचे, “हं” म्हणून निघून जायचे. मला वाटायचं, हा त्यांना रिकामटेकड्याचा उद्योग वाटत असणार. ते व्हरांड्यात बसायचे ते ऊन खायला, असंच मी धरून चाललो होतो. त्या व्हरांड्याचं तोंड उत्तरेला आहे. तिथे ऊन येतच नाही, हे माझ्या कधी लक्षात आलं नाही. आणि मी स्वतःला बारकाईने बघणारा समजतो!

तेव्हा मी शिकतो आहे. बिगुलाला बोटांनी दाबायला काही नसतं, सगळे सूर ओठांनी काढायचे. खालचे जमले. सर्वात वरचा सूर, धून जिथे चढते तिथला, तो दहादा घेतला तर तीनदा फाटतो. मला हे चालणार नाही. आठवड्यापासून दार उघडं ठेवून वाजवतो, म्हणजे लोकांची सवय होईल. आईंना विचारलं, “कसं वाटतंय?” त्या म्हणाल्या, “वाईट नाही.” त्यांच्या बाजूचे लोक याहून जास्त कौतुक करत नाहीत हे मला आता ठाऊक आहे.

पण उभं राहण्याआधी तुम्हाला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. नाहीतर तुम्ही माझी तुलना ज्याच्याशी कराल ते मुळात वाजवलेलंच नव्हतं.

आत्या, मन घट्ट करून वाचा. डबी मंडळाकडे आधीपासूनच आहे. बाबांना कवळी लागली त्या वर्षी वेंडेलने ती गुपचूप आणली असणार. बिगूल फुंकायला ओठांना मागून खऱ्या दातांचा आधार लागतो, कवळी घसरते. त्यानंतर बाबा नुसते उभे राहायचे. मला कुणी सांगितलं नाही, माझ्या कानाने सांगितलं. थंडीत तांबं गार पडतं आणि सूर खाली उतरतो. खरा बिगूल जानेवारीत आणि जुलैत सारखा वाजूच शकत नाही. बाबांचा सारखाच वाजायला लागला. मी कुणाजवळ बोललो नाही. ते इतके मनापासून गाल फुगवायचे की बोलवेना.

हॅरल्डकाकांच्या वेळीही डबीच होती. तुम्हाला दुखवायचं नव्हतं, पण खोट्यावर उभं राहून मला वाजवता येणार नाही.

तुमचा,
लायल


टुसॉन
१५ एप्रिल २०१४

अरे माझ्या भोळ्या जावईबापू,

मन घट्ट करून वाचायला बसले आणि हसून हसून खुबा दुखायला लागला. डॉक्टरांना काय सांगू?

मला माहीत होतं! सगळ्या गावाला माहीत होतं! तुझं ते तांबं आणि ती थंडी ठेव बाजूला. दादाचा वरचा सूर पन्नास वर्षं दर वेळी फाटायचा. दर वेळी! सायलोत फाटायचा, दफनभूमीत फाटायचा. लोक त्या सुराची वाट बघत उभे राहायचे. तो कोंबड्यासारखा फाटला की माणसं मोकळेपणी रडायची. तू आमच्या घरात आलास तेव्हा लोकांकडे बघत होतास की सूर मोजत होतास? आणि मग एका वसंतात तो सूर लागला. लख्ख. काचेसारखा. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, आणि मग सगळ्यांनी बुटांकडे बघितलं. त्या दिवसापासून गाव जे गप्प बसलं ते बसलं.

माझ्या हॅरल्डच्या वेळी तर कहर झाला. नोव्हेंबर, वारा, आणि धून निम्म्यावर आली असताना दादाला शिंक आली. त्याने बिगूल खाली घेतला, शिंकला, रुमालाने नाक पुसलं. धून आपली चालूच! त्याने पुन्हा बिगूल ओठाला लावला, गाल फुगवले. मी पहिल्या रांगेत होते. माझा नवरा समोर पेटीत, आणि मी हसू दाबायला तोंडावर रुमाल धरला. लोकांना वाटलं, बिचारी रडते आहे. त्या दिवशी मला जिवंत ठेवलं ते त्या शिंकेने. तुला लिहिलं होतं ना, एक सूर इकडचा तिकडे झाला नाही? खोटं कुठे लिहिलं?

आणि डबीतल्या बॅटऱ्या कोण बदलायचं? दादा मला ऐटीत सांगायचा, “काय वस्तू बनवतात गं, इतकी वर्षं झाली, एकच बॅटरी चालते आहे!” आर्डिसवहिनी प्रत्येक दफनाच्या आदल्या दिवशी, तो दाढी करत असताना, नवी घालून ठेवायची. बायकोपासून लपवलंय असं त्याला मरेपर्यंत वाटत होतं. तिने ते तसंच वाटू दिलं. विचार तिला. म्हणजे, विचारू नकोस.

मग मी डबी नको म्हणून का भांडले? डबी वाईट म्हणून नव्हे. त्याने ती वापरली ती आमच्यासाठी, कुणी अर्ध्यावर राहू नये म्हणून. पण त्याला स्वतःला हवी होती ती तुझी फुंक.

फाटला तर फाटू दे. वाजव.

तुझी आत्या


आल्डर लेक
१२ मे २०१४

प्रिय व्हर्ना आत्या,

शनिवारी बाबांना जमिनीत ठेवलं. फोनवर तुम्ही होताच, तरी जे दिसलं नाही ते लिहितो.

बर्चला नुकती पालवी फुटली आहे. तळ्याच्या पलीकडच्या काठाला अजून बर्फाची पांढरी रेघ आहे. सकाळी जेमतेम एक्केचाळीस अंश फॅरनहाइट होतं, तिकडून गार वारा. जवानांनी ध्वजाची घडी करून आईंच्या मांडीवर ठेवली. आईंनी ती जनेलकडे दिली आणि पर्समधून फोन काढला. पाद्रीबाई प्रार्थनेच्या मध्यावर होत्या. आई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “व्हर्ना, ऐकू येतंय का?” आणि तुम्ही म्हणालात, “येतंय. जेवायला काय आहे?” हे तुम्हा दोघींचं आधी ठरलं होतं का? जनेल हसली आणि मग इतकी रडली की तिला धरावं लागलं.

माझी जागा स्प्रूसच्या झाडाखाली, बाबांची होती तीच. बिगुलाची फुंकायची सुटी नळी गार पडू नये म्हणून बाबा ती पेपरमिंटच्या गोळीबरोबर गालात धरून ठेवायचे, तशी मीही धरली होती. गोळी आईंनी निघताना हातावर ठेवली. वेंडेलच्या तुकडीने बंदुकांच्या फैरी झाडल्या. म्हातारे आहेत, दुसरी फैर जरा पसरली, पण तिसरी एकदम झाली. मग वेंडेलने माझ्याकडे बघितलं. त्याच्या कोटाच्या खिशात डबी होती, मला फुगवटा दिसत होता. मी मान हलवली. नको.

पहिले सूर चांगले लागले. खाली उतरलेले होते, थंडीने, पण सरळ. मग धून चढायला लागली. आत्या, मी तो वरचा सूर दोन महिने घासला आहे. शेवटच्या आठवड्यात एकदाही चुकला नव्हता. मी श्वास घेतला, आणि तो फाटला. साधासुधा नाही. कोंबड्यासारखा.

मला वाटलं, जमीन आता उघडीच आहे तर आपणही उतरावं. मग सावधान उभ्या असलेल्या वेंडेलचे खांदे हलायला लागले. मागून कुणीतरी नाकातून हसलं. आणि आई मोठ्याने हसल्या, हात मांडीवर आपटून. नंतर सगळी दफनभूमी हसत होती, डोळे पुसत होती. हसणं ओसरेपर्यंत मी थांबलो आणि राहिलेले सूर वाजवले, शेवटचा अगदी हळू. अर्ध्यावर सोडलं नाही.

परतताना आई माझ्या दंडाला धरून चालत होत्या. फाटकाशी आल्यावर म्हणाल्या, “लायल, वाईट नव्हतं.” थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, “मुळीच वाईट नव्हतं.”

तळघरात जेवण होतं. जेलीही होती. मी बाबांच्या नावाने एक चमचा खाल्ला. आता माझ्याकडून अपेक्षा ठेवू नका.

तुमचा,
लायल


टुसॉन
१९ मे २०१४

प्रिय लायल,

फोनवर आधी नुसता वारा होता. मग तू. आणि मग, एका सुरापुरता, माझा भाऊ. मी इथे स्वयंपाकघरात एकटी उभी, वॉकरशिवाय, आणि टाळ्या वाजवल्या. शेजारीण बघायला आली.

आता खरं सांग. कुणाला सांगणार नाही. मुद्दाम फाडलास ना?

तुझी आत्या


आल्डर लेक
२७ मे २०१४

प्रिय व्हर्ना आत्या,

मुद्दाम नाही. मी कुठलीही गोष्ट मुद्दाम चुकीची करत नाही. कारण तांत्रिक आहे. एक्केचाळीस अंशाला तांबं आकसतं, ओठ बधिर होतात, आणि वरच्या सुराला हवेचा दाब अपुरा पडतो. एवढंच.

काल मेमोरियल डेला युद्धात गेलेल्या सैनिकांचं स्मरण होतं. वेंडेल घरी येऊन सांगून गेला की मंडळाने डबी कपाटात ठेवली आहे आणि यापुढे मीच. तळ्याकाठच्या स्मारकापाशी सगळं गाव आलं होतं. आई पहिल्या रांगेत, घडीच्या खुर्चीवर, पेपरमिंटच्या गोळ्यांचा डबा मांडीवर. ऐंशी अंश फॅरनहाइट होतं, वारा अजिबात नव्हता, बिगूल हाताला कोमट लागत होता.

तरीही फाटला.

तुमचा,
लायल